आमच्या आजोबांची पायली



नोव्हेंबर महिना उजाडला म्हणजे ख्रिस्तसभा आपणां सर्वांस आपापल्या मृतांची आठवण करण्यास सांगते. दोन तारखेस आमच्या गावच्या दफनभूमीतील गवत कापले जाते, क्रुसांना चुना लागतो, आणि दिवेलागणीस मेणबत्त्यांच्या उजेडात सारे गाव आपापल्या माणसांच्या उशाशी उभे राहते. आमच्या आजोबांची माती तेथेच, भिंतीलगतच्या आंब्याखाली आहे. जाता येता कोणी ना कोणी तेथे थांबतो आणि म्हणतो, "मोठा देवभक्त माणूस हो!" त्यांना पाहिलेली माणसे आता गावात थोडीच उरली आहेत, न पाहिलेलीही तसेच म्हणतात. ते खोटे नाही. जपमाळ, उपवास, पहाटेची मिस्सा हे सारे आजोबांपाशी होते. त्याखेरीज आणखीही एक गोष्ट त्यांच्यापाशी होती. ती गावात चौघापाचांनाच ठाऊक होती, आणि ती सांगावयाची तर आमची स्वतःची एक लाजिरवाणी गोष्टही सांगावी लागते. म्हणून इतकी वर्षे आम्ही गप्प राहिलो. आता आमचेही केस पिकले. आता ती सांगून मोकळे व्हावे असे वाटते.

आमचे गाव खानापूर तालुक्यात, मलप्रभेच्या काठी. ही नदी आमच्याच तालुक्यात कणकुंबीस उगम पावते, आणि पावसाळ्यात आमच्या शिवाराला लागून तांबडी लाल होऊन वाहते. एका अंगास सह्याद्रीचे रान, दुसऱ्या अंगास भाताची वावरे. आमचे पूर्वज गोव्यातून घाट चढून येथे आले, असे घरात सांगत. ते कोणत्या साली आले हे सांगणारा मात्र कोणी उरला नव्हता. घरातल्या बोलीत कोकणीचे शब्द मिसळलेले, शाळा मराठी आणि प्रार्थनेची पुस्तकेही मराठी, अशी आमची घडण झाली. आजोबांना आम्ही 'आज्जा' म्हणत असू. चर्चच्या वहीत त्यांच्या बाप्तिस्म्याचे साल १९११ लिहिलेले आहे. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नव्हते. वडील लवकर वारल्यामुळे दहाव्या-अकराव्या वर्षीच नांगराची मूठ त्यांच्या हातात आली, आणि पुढे साठ वर्षे ती सुटली नाही.

त्यांचा दिवस कोंबड्याच्या आधी सुरू होई. अंथरुणात उठून बसत, कपाळावर क्रुसाची खूण करीत, आणि गोठ्यात जाऊन बैलांच्या पाठीवरून हात फिरवीत. मग बैलांपुढे वैरण टाकून, हातात काठी घेऊन अंधारातच चर्चची वाट धरीत. त्या काळी मिस्सा लॅटिनमध्ये होत असे. आज्जांना उत्तरे सारी पाठ होती. अर्थ एकाही ओळीचा ठाऊक नव्हता. पुढे दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेनंतर, १९६० नंतरच्या त्या दशकात, मिस्सा आपल्या भाषेत होऊ लागली. जुन्या माणसांपैकी काहींना ते रुचले नाही. आज्जा मात्र पहिल्या रविवारी घरी येऊन ओसरीवर बराच वेळ गप्प बसून राहिले. आजीने विचारले तेव्हा म्हणाले, "इतकी वर्षे देवाला आपली भाषा कळत होती; आज आपल्याला त्याची कळली."

दुपारी आणि सायंकाळी चर्चची घंटा झाली म्हणजे ते जेथे असतील तेथे थांबत. डोक्यावरचे मुंडासे काढून जुवावर ठेवीत आणि देवदूताच्या निरोपाची प्रार्थना म्हणत. बैलांनाही त्याची सवय झाली होती. घंटेचा पहिला टोला पडला की आज्जांनी कासरा ओढण्याच्या आतच जोडी उभी राही. लहानपणी आम्हांस वाटे की आमचे बैलही ख्रिस्ती आहेत.

आमच्याकडे मे महिन्याच्या अखेरीस भाताची धूळवाफ पेरणी करतात. वळवाच्या सरीवर जमीन नांगरून, कुळवून, कोरड्या मातीत बी टाकावयाचे आणि मृगाची वाट पाहावयाची. पाऊस वेळेवर आला तर ठीक. न आला तर किडा-मुंगी आणि पाखरे बी खाऊन टाकतात. म्हणजे ही पेरणीच मुळी विश्वासावर असते. तिच्या तोंडावर, १५ मे रोजी, शेतकऱ्यांचा आश्रयदाता संत इसिदोर ह्याचा सण येतो. आज्जांपाशी एका धर्मगुरूंनी दिलेले त्या संताचे एक जुने चित्र होते. पुढे गुडघे टेकून प्रार्थना करणारा शेतकरी, आणि मागे देवदूत बैल हाकीत आहे, असे ते चित्र. त्या दिवशी ते बैलांना नदीवर धूत, झावळ्यांच्या रविवारची आशीर्वादित झावळी बियाण्याच्या कणगीत खोवीत आणि आम्हां नातवंडांस इसिदोराची गोष्ट सांगत.

ती गोष्ट आपणांपैकी अनेकांस ठाऊक असेल. सुमारे नऊशे वर्षांपूर्वी स्पेन देशात माद्रिद शहराजवळ इसिदोर हा दुसऱ्याच्या शेतावर राबणारा गडी होता. तो रोज पहाटे मिस्सेला जाई. इतर गड्यांनी मालकाकडे चहाडी केली की हा प्रार्थनेपायी कामावर उशिरा येतो. मालक खरेखोटे करण्यास शेतावर गेला, तो त्याला इसिदोराच्या बरोबरीने देवदूत नांगर धरताना दिसले. ह्या गड्यास १२ मार्च १६२२ रोजी संतपद मिळाले. आणि त्याच दिवशी, त्याच समारंभात, आपल्या गोव्याच्या संत फ्रान्सिस झेवियरलाही ते मिळाले. हे आम्ही पुढे पुस्तकात वाचून आज्जांना सांगितले तेव्हा त्यांना फार आनंद झाला. "एवढ्या मोठ्या मिशनऱ्याशेजारी एक नांगऱ्या बसला म्हणायचा!" असे म्हणून ते लहान मुलासारखे हसले.

परंतु त्या गोष्टीचे तात्पर्य ते सांगत ते आम्ही अन्यत्र कोठे ऐकले नाही. आम्ही म्हणू, "आज्जा, तो प्रार्थना करीत होता म्हणून देवाने त्याला मदत केली." ते मान हलवीत. "देवदूत कशाला आले? मालकाचे काम बुडू नये म्हणून आले. देवाचे नाव घेऊन दुसऱ्याचे बुडवले तर लाज देवाला लागते. ती लागू नये म्हणून त्याने आपली माणसे पाठवली." त्या वयात आम्हांस नांगर धरणाऱ्या देवदूताच्या पंखांचेच कौतुक अधिक होते; ह्या बोलण्याकडे आम्ही लक्ष दिले नाही.

मळणीच्या दिवसांत आज्जांचे दुसरे रूप दिसे. खळ्यावर भात उफणून झाले, रास पडली, की ते राशीवर बोटाने क्रूस काढीत आणि मग पायली हाती घेत. ती पायली लाकडी होती, काठाला लोखंडी पट्टी मारलेली, त्यांच्या वडिलांच्या हातची. आमच्याकडे धान्य मोजताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. मग दोन, तीन असे पुढे मोजतात. आज्जा पहिली पायली भरीत, 'लाभ' म्हणत, आणि ती बाजूच्या सुपात ओतीत. ती आमची नसे. त्या सुपातले भात गावातल्या निराधारांस जाई. त्यात ख्रिस्ती कोण आणि हिंदू कोण हे त्यांनी कधी पाहिले नाही. देण्याचे माप ते नेहमी शीग लावून भरीत. वरून दाणे ओघळू लागले तरी हात आखडत नसत. घेण्याचे माप मात्र काठाशी हात फिरवून सपाट करीत. पुढे सरकारी किलोग्रॅम आले, बाजारात लोखंडी वजने आली. आमच्या खळ्यावर पायलीच चालली.

आता मुख्य गोष्टीकडे वळतो. आमची स्वतःची जमीन अवघी एक एकर. त्याखेरीज तीन एकर वावर आज्जा कुळाने कसत असत. ते गावातल्या वाड्याचे होते. वाड्यात एक विधवा बाई एकट्या राहत. पती तरुणपणीच गेलेले, मूलबाळ नाही. सारे गाव त्यांना वहिनीबाई म्हणे. ह्या तीन एकरांचा खंड आणि आणखी दोन एकर घरखेडीचे वावर, एवढ्यावर त्यांचे चाले. घरखेडीच्या वावरात त्या मजूर लावून पीक घेत. नांगरट मात्र आज्जांच्या बैलांची असे, आणि तिची मजुरी त्या प्रत्येक हंगामास वेळेवर चुकती करीत. १९७२ साली पाऊस कमी पडला तेव्हा आज्जा खंडाचे भात घेऊन वाड्यावर गेले. वहिनीबाईंनी ओसरीवरूनच सांगितले, "यंदा अर्धेच घाला. घरात पोरे आहेत तुमच्या." आज्जांनी ते कधी विसरू दिले नाही.

दोनच वर्षांनी काळ पालटला. कर्नाटकातील जमीनसुधारणा कायद्यात मोठा बदल होऊन १ मार्च १९७४ पासून कुळांकडे असलेली जमीन सरकारजमा झाली, आणि ती कसणाऱ्या कुळाने 'सात नंबरचा अर्ज' करून आपला हक्क मागावा असे ठरले. 'कसेल त्याची जमीन' हा त्या कायद्याचा अर्थ. पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याच्या बांधावर राबलेल्या हजारो कुटुंबांस त्याने पायाखाली स्वतःची माती दिली. आमच्यासारख्या गरीब ख्रिस्ती घरांनाही दिली. त्या कायद्यास कोणी वाईट म्हणू नये. परंतु आज्जांचे मन अस्वस्थ होते. ते धर्मगुरूंकडे गेले आणि वहिनीबाईंचे तीन एकर मागणे हे पाप होईल काय, असे विचारले. धर्मगुरूंनी त्यांस शांतपणे समजाविले: तुम्ही मागितले नाही तरी ती जमीन आता त्यांच्याकडे परत जात नाही, आणि तीस वर्षे तुमचा घाम तिच्यात मुरला आहे. तेव्हा कृतज्ञतेने घ्या. जे तुम्ही कुळाने कसले तेवढेच घ्या, त्याहून वीतभरही अधिक घेऊ नका. आज्जांचे समाधान झाले.

आम्ही त्या वेळी सोळा वर्षांचे होतो. छापील अर्ज कन्नडमध्ये होता, आणि घरात कन्नड लिहिता-वाचता येणारे आम्हीच एकटे. एके रात्री कंदिलाच्या उजेडात आम्ही अर्ज भरीत बसलो. आज्जा त्या वेळी चर्चमध्ये जपमाळेस गेले होते. वडील शेजारी येऊन बसले. तीन एकरांचे नंबर लिहून झाले, तेव्हा ते हळू आवाजात म्हणाले, "घरखेडीचे दोन एकरही घाल."

आम्ही त्यांच्याकडे पाहिले. ते म्हणाले, "बाई एकटी आहे, मागे घेणारा कोण? वीस वर्षे तिथे बैल आपलेच चालले. कूळ म्हणून सांगायला दोन साक्षीदार मिळतील. सगळेच करताहेत."

वाचकहो, आमचे वडील वाईट माणूस नव्हते, हे येथे सांगणे आमचे कर्तव्य आहे. घरात आम्ही पाच भावंडे, मोठ्या बहिणीचे लग्न तोंडावर आलेले, सोसायटीचे कर्ज अंगावर. दोन एकर म्हणजे आमच्या घराची अर्ध्या वर्षाची पोटाची सोय होती. आणि आम्हांसही त्या रात्री, खरे सांगावयाचे तर, फार वाईट वाटले नाही. मोठ्या माणसांच्या कामात आपली लेखणी लागते आहे ह्याचा थोडा गर्वच वाटला. आम्ही तो नंबर लिहिला.

आज्जा परत आले, हातपाय धुऊन समोर बसले आणि म्हणाले, "वाच बघू सारे." आम्ही वाचले. ती ओळ आली तेव्हा डोळे खाली घालून पुढच्या ओळीवर गेलो. आवाज अडखळला देखील नाही. वाचून संपले. आज्जांनी अंगठ्याला शाई लावून घेतली, आम्ही बोट ठेविले तेथे तो उमटविला, आणि मग त्याच शाईच्या हाताने कपाळावर क्रुसाची खूण केली. कपाळावर एक निळा डाग राहिला. सकाळपर्यंत तो होता.

त्यानंतर दोन वर्षे गेली. रोज सायंकाळी त्यांच्या शेजारी गुडघे टेकून आम्ही जपमाळ म्हणत होतो. कितीदा वाटले, सांगावे. कितीदा पापनिवेदनास गेलो, आणि बाकीची सारी लहानसहान पापे सांगून हे एक तेवढे मागे ठेवून परत आलो. मनाला सांगत असू की हे वडिलांचे करणे आहे, आपण केवळ हात चालविला. पण ओळ गाळली होती ती आमच्या जिभेने. ती काही वडिलांनी गाळली नव्हती.

१९७६ च्या उन्हाळ्यात खानापूरला सुनावणी लागली. वडिलांना ताप होता. आज्जांबरोबर आम्ही गेलो. जमीन न्यायमंडळाचे अध्यक्ष प्रांतसाहेब होते. एका बाजूच्या बाकावर वहिनीबाई डोक्यावरून पदर घेऊन बसल्या होत्या. तीन एकरांचे काम लवकर झाले, त्या म्हणाल्या, "होय, हे कूळ आमचेच." मग साहेबांनी कागद उलटला आणि पुढचा नंबर वाचला. वहिनीबाईंनी मान वर केली, परंतु तोंडून शब्द काढला नाही. त्या घाबरल्या होत्या, हे आम्हांस दिसले. आज्जांना मात्र प्रथम कळलेच नाही. त्यांनी पुन्हा विचारले, "कोणते वावर म्हणालात, साहेब?" साहेबांनी नंबर आणि चतुःसीमा दोन्ही सांगितल्या.

"ते माझे नव्हे, साहेब," आज्जा म्हणाले. "तिथे मी नांगर धरला तो मजुरीने. मजुरी मला पोहोचली आहे."

"मग अर्जात कसे आले?"

आज्जांनी एकदाच आमच्याकडे पाहिले. एकच क्षण. आम्हांस वाटले की आता भूमी दुभंगेल तर बरे. मग ते साहेबांकडे वळले आणि म्हणाले, "अंगठा माझा आहे, साहेब. चूक माझीच."

साहेबांनी तांबड्या शाईने त्या ओळीवर रेघ मारली. दोन एकर वहिनीबाईंपाशी राहिले. बाहेर पडताना त्या काहीतरी बोलण्यासाठी पुढे आल्या, पण आज्जांनी हात जोडले आणि म्हणाले, "तुमचे वावर तुमचेच, वहिनीबाई. आमच्याकडून लिहिण्यात चूक झाली होती. पेरणीआधी नांगरट करून देतो."

खानापुराहून आमचे गाव सात मैल. ती वाट आम्ही चालत आलो. आज्जा पुढे, आम्ही मागे. त्यांनी शिव्या दिल्या असत्या, काठी उगारली असती, तर आम्हांस बरे वाटले असते. त्यांनी एक शब्दही काढला नाही. शिवेवर पोहोचलो तेव्हा सायंकाळची घंटा झाली. ते थांबले, मुंडासे काढले, प्रार्थना म्हटली. आम्हांस मात्र एकही शब्द आठवेना. प्रार्थना संपल्यावर मुंडासे बांधता बांधता ते म्हणाले, "अक्षर चांगले आहे तुझे. साहेबाला वाचताना कुठे अडले नाही." थोडे चालून गेल्यावर पुन्हा म्हणाले, "देवाने दिले आहे ते. जपून वापर."

कोणी लिहावयास सांगितले, हे त्यांनी त्या दिवशी विचारले नाही आणि पुढेही कधी विचारले नाही. त्यांना ते ठाऊक होते. वडील मात्र फार संतापले. "घरात पोरे उपाशी, आणि ह्यांना वाड्याची काळजी!" असे ते आईजवळ बोलले, आणि वर्षभर आज्जांशी कामापुरतेच बोलले. आज्जांनी ते सोसले. ठरल्याप्रमाणे त्यांनी स्वतः बैल नेऊन वहिनीबाईंचे वावर नांगरून दिले. वडील गेले नाहीत. आम्ही त्या शनिवारी पापनिवेदनास गेलो आणि मागे ठेविलेले ते सारे सांगितले. धर्मगुरूंनी जे प्रायश्चित्त दिले ते दहा मिनिटांत संपले. आज्जांनी दिले ते पुष्कळ वर्षे चालले.

ते असे. त्या आठवड्यापासून जपमाळ झाली की ते नवा करार आमच्यापुढे सरकवीत आणि म्हणत, "वाच." आम्ही शुभवर्तमानाचा एक भाग वाचीत असू. वाचण्यापूर्वी ते प्रत्येक वेळी तेवढेच म्हणत: "एकही ओळ गाळू नको." पहिल्या दिवशी ते ऐकून आमच्या डोळ्यांपुढे अक्षरे दिसेनाशी झाली. पुढे पुढे त्यांच्या ओठांच्या कडेला किंचित हसू असे. ती आमची शिक्षा होती, आणि तीच क्षमाही होती. ज्याने एकदा खोटे वाचून दाखविले त्याच्याच तोंडून त्यांनी देवाचे वचन ऐकावयाचे ठरविले; दुसऱ्या कोणास वाचू दिले नाही. देताना शीग लावून भरलेले, दाबलेले, हालविलेले माप द्यावे, ह्या अर्थाचे प्रभू येशूचे बोल संत लूकच्या शुभवर्तमानात आहेत. ते प्रथम वाचले तेव्हा आज्जा उठून बसले. "म्हणजे त्यालाही पायली ठाऊक होती!" असे म्हणून ते कितीतरी वेळ ओसरीच्या कोपऱ्यातल्या आपल्या पायलीकडे पाहत राहिले.

त्या तीन एकरांवर त्यांनी आणखी सात-आठ वर्षे नांगर धरला. खंड आता द्यावयाचा नव्हता. तरी दरवर्षी मळणी झाली की 'लाभ' बाजूला काढल्यानंतरची एक पायली भात ते शीग लावून वाड्यावर पोहोचवीत. "खंड नव्हे हो हे," ते सांगत, "शेजाऱ्याचे नव्याचे भात आहे." वहिनीबाई ते घेत.

१९८८ च्या डिसेंबरात, त्या वर्षाची मळणी आटोपल्यावर, आज्जा गेले. फार आजारी नव्हते. आदल्या सायंकाळी आम्ही वाचून दाखविले होते. शेवटचे संस्कार झाले, सारी मुले-नातवंडे जवळ होती. मिस्सेच्या वेळी चर्च भरून माणसे अंगणात उभी होती. त्यांत आमच्या गावचे हिंदू बांधवही पुष्कळ होते. दफनभूमीच्या फाटकापाशी वहिनीबाई एका मुलीचा हात धरून उभ्या दिसल्या. त्या वेळी त्यांचे वय सत्तरीच्या पुढे गेलेले. वाड्याबाहेर त्या सहसा पडत नसत. आम्ही परत निघालो तेव्हा त्यांनी मुलीच्या हातातली फडक्याने झाकलेली पायली आईच्या हाती दिली. तिच्यात नवे तांदूळ होते, शीग लावून भरलेले. "माझ्या वावरातले आहेत," त्या म्हणाल्या. एवढेच बोलल्या आणि डोळ्यांना पदर लावून वळल्या.

वडील शेजारीच उभे होते. त्यांनी ते पाहिले. त्या वेळी ते काही बोलले नाहीत. पुढल्या मे महिन्यात, संत इसिदोराच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी, त्यांनी बैल सोडले आणि आपल्या वावरात न जाता प्रथम वहिनीबाईंच्या वावरात नेले. दोन दिवस तेथेच नांगरट केली. मजुरी पुढे आली तेव्हा ती घेतली. आज्जाही घेत असत. कष्टाचे दाम नाकारणे हाही एक अभिमानच असतो, असे आज्जा म्हणत, आणि वडिलांनी ते ऐकलेले असावे.

आज वहिनीबाई नाहीत, वडीलही नाहीत. ते दोन एकर वावर पुढे त्यांच्या दूरच्या वारसांकडे जाऊन विकले गेले, आणि आमच्या घराचा त्याच्याशी काहीएक संबंध उरला नाही. प्रामाणिकपणाचे फळ म्हणून आम्हांस कोठून काही मिळाले, असे सांगता आले असते तर गोष्ट अधिक गोड झाली असती. तसे काही झाले नाही. मोठ्या बहिणीचे लग्न कर्ज काढूनच झाले, आणि ते कर्ज फेडावयास नऊ वर्षे लागली. परंतु त्या कर्जाच्या काळातही आमच्या घरात कोणी वाड्याच्या भिंतीकडे पाहून मान खाली घातली नाही. हे किती मोलाचे होते, ते आम्हांस आता कळते.

आम्ही पुढे शिकून कारकून झालो. पस्तीसहून अधिक वर्षे दुसऱ्यांचे कागद लिहिण्यात गेली. अंगठा उमटवणारी किती माणसे समोर बसली, आणि "वाचून दाखवा साहेब" म्हणाली! प्रत्येक वेळी कानाशी तो आवाज येई: एकही ओळ गाळू नको. कधी त्यामुळे वरिष्ठांची नाराजी झाली, कधी कोणी दिलेला लाभ परत करावा लागला. आम्ही आज्जांसारखे देवभक्त नव्हतो आणि नाही. पहाटेची मिस्सा आमच्याकडून अनेकदा चुकते. पण समोरच्या निरक्षर माणसाच्या कागदातली ओळ आम्ही पुन्हा कधी गाळली नाही. आणि जपमाळ हाती घेताना तेवढे एक तरी देवापुढे ठेवावयास आपल्यापाशी आहे, असे वाटते.

आज्जांची ती पायली आता आमच्या घरी देव्हाऱ्याखालच्या फळीवर आहे. काठाची लोखंडी पट्टी एका जागी सुटली आहे. धान्य आता कोणी तिने मोजीत नाही. गेल्या दोन नोव्हेंबरला दफनभूमीतून परत आल्यावर आमच्या लहान नातीने ती खाली काढून विचारले, "आज्जा, हिच्यात किती मावते?" आम्ही तिला ओसरीवर घेऊन बसलो, घरातले तांदूळ आणविले, आणि शीग लावून ती भरून दाखविली. वरून दाणे ओघळले तेव्हा ती ते गोळा करू लागली. आम्ही म्हणालो, "राहू दे. ते आपले नव्हेत." आणि शेजारच्या घरी देण्यासाठी पायली तिच्या हाती दिली.